पाणराईतला धूर

"पाण्यात आग लागते कशी?"

लवू गवसने हे पहिल्यांदा पोलीस पाटलांना विचारलं. ते पंचनामा लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. मग तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "धीर धरा." दहाव्याला भटजींना विचारलं, तेव्हा त्यांनी बोटातलं दर्भाचं पवित्र सारखं केलं आणि पुढचा मंत्र धरला.

बाराव्या दिवशी सकाळी तो जटूबुवांपुढे जाऊन उभा राहिला.

जटूबुवा म्हणजे पाणराईच्या काठाला झोपडी बांधून राहिलेला म्हातारा गोसावी. डोक्यावर एक केस नव्हता, तरी गाव त्यांना जटूबुवाच म्हणे. हातांना तेल चोळून ते कोवळा फणस चिरत बसले होते.

"बस."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने विचार."

"राईत बारा महिने पाणी. लहानपणी माझी चप्पल चिखलात गेली, ती अजून आत आहे. तिथं आग लागली कशी? आणि माझा दादा..."



दादा म्हणजे सगुण. बाप गेल्यावर त्यानेच लवूला खांद्यावर घेऊन वाढवलं. लवू चौथीतून पळून आला तेव्हा त्याला मारलंही त्यानेच, आणि रात्री जवळ घेऊन जेवायला घातलंही त्यानेच. राईच्या कडेला धूर दिसला म्हणून दोघे हिरव्या डहाळ्या घेऊन विझवायला धावले. जमीन नेहमीसारखीच दिसत होती. वरचा पाचोळासुद्धा काळा पडला नव्हता. सगुण पुढे होता. चार पावलं टाकली आणि तो कमरेपर्यंत आत गेला.

खाली सगळा निखारा होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

बुवांनी सुरी पुसली, उठले आणि राईत शिरले. लवू मागोमाग गेला. आतल्या बाजूला रानजायफळांची झाडं काळ्या चिखलात उभी होती. त्यांची मुळं चिखलातून गुडघ्यांसारखी वर आली होती, जणू झाडं श्वास घ्यायला डोकावत होती. बुवांनी वाकून मूठभर चिखल उचलला. मग ते राईच्या कडेला, खणलेल्या चराजवळ आले आणि तिथली मूठभर माती घेतली. ती कोरडी होती, हलकी होती, भुशासारखी.

झोपडीपाशी येऊन त्यांनी चिखलाची मूठ धुनीत टाकली. चर्र आवाज झाला. तेवढी धुनी विझली.

मग दुसऱ्या बाजूला कोरडी मूठ टाकली.

ती आधी धुमसली... मग आतून लाल झाली. ज्योत नव्हती.

लवू बघत राहिला. मग त्याने निखाऱ्याच्या कडेची एक ढेप काडीने बाहेर ओढली आणि फोडली. आत पानं होती. पानावर पान, पानावर पान. शिरा दिसत होत्या.

"ही माती नाही," तो म्हणाला.

"किती वर्षांची पानं असतील, कोण जाणे. पाण्याखाली होती, म्हणून निजून होती."

लवूची नजर चराकडे गेली. चर दोघा भावांनीच खणला होता. राईच्या कडेचा अर्धा एकर सुकवायचा, पाणी खालच्या ओढ्यात, व्हाळात सोडायचं आणि सुपारी लावायची, हे सगुणचं स्वप्न. दोन वर्षांपूर्वी चराला पहिलं पाणी लागलं तेव्हा गाव बघायला आलं होतं. लवूने तर नारळ फोडला होता.

"वीस वर्षं इथं बसलात, बुवा. दादाला अडवलं का नाही?"

बुवांनी काडीने निखारा सारखा केला.

"तो खणत होता. ऊन फार होतं. मी त्याला ताक दिलं."

"आणि?"

"आणि गप्प बसलो."

लवूने झोपडीबाहेर ठेवलेली आपली कळशी उचलली. गेले नऊ दिवस तो हेच करत होता. कळशी भरायची, धुमसत्या जमिनीच्या काठाशी फळी टाकून उभं राहायचं, पाणी ओतायचं. वाफ यायची. दुसऱ्या दिवशी तीन हात पलीकडून धूर यायचा.

बुवा त्याच्या मागून चालत आले. त्यांनी दोन खेपा पाहिल्या. तिसऱ्या खेपेला विचारलं,

"पाणी आणतोस कुठून?"

"चरातून. दुसरं कुठून आणणार? इथं जवळ तेवढंच आहे."

"चराने कुठून आणलं?"

कळशी अर्धी ओतून झाली होती. उरलेली तशीच हातात राहिली.

"म्हणजे... चर बुजवू?"

"मी काही म्हटलेलं नाही."

"म्हणू पण नका! दहाव्याला कावळा शिवेना. दोन तास. वहिनी उन्हात कोसळायची बाकी होती. मामा म्हणाले, पोरांना शिकवू. काकी म्हणाली, घर शाकारून देऊ. कावळा फांदीवरून हलेना. मग मी म्हटलं, दादा, तुझी सुपारीची बाग मी उभी करीन. लगेच शिवला! सगळ्या गावाने बघितलं. शब्द दिलाय मी."

"कावळ्याला?"

"दादाला!" लवू अंगावर धावून आला. "थट्टा नको, बुवा. गोसावी आहात म्हणून हात आवरलाय."

"नको आवरू. फक्त कळशी आधी खाली ठेव. पितळेची आहे."

लवूने कळशी आपटली. पोचा पडला. मग तो तिथेच खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला. बारा दिवसांत तो असा रडला नव्हता.

बुवा शेजारी उभे राहिले. राईत कुठेतरी धनेश पंख फडफडवत गेला.

"तू सगुणला काय सांगितलंस ते कळलं," बुवा म्हणाले. "सगुण तुला काय म्हणाला होता?"

लवूने तोंड वर केलं नाही.

"कमरेपासून खाली पट्ट्या होत्या. शुद्ध जायची, यायची. सारखं एकच म्हणत होता... लवू, खाली आग आहे रे. खाली पाणी सोड." त्याने नाक पुसलं. "डॉक्टर म्हणाले, पट्ट्यांना पाणी लागता कामा नये. मी तांब्या हातात घेऊन उभा होतो. नाही घातलं मी. एक थेंब नाही घातला..."



थोड्या वेळाने लवू उठला. सदरा काढून फांदीवर टाकला आणि चरात उतरला.

काठावर पडलेली माती त्याने आत ओढली. पाण्याने ती वाहून नेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. तेव्हा बुवा व्हाळातून एकेक दगड आणून त्याच्या हातात द्यायला लागले. दगडांमागे चिकणमाती, तिच्यावर पुन्हा दगड. लवू ती पायांनी तुडवत होता. जिथं पहिली कुदळ सगुणने मारली होती, तिथंच बांध येत होता.

दुपार कलली तेव्हा पाणी बांधाला येऊन थांबलं. जरा वेळ तिथंच घुटमळलं. मग हळूहळू मागे सरकलं, काठाच्या कोरड्या मातीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

लवू काठावर उताणा पडला. हाताची सालं निघाली होती. त्याने मान वळवून बघितलं.

"बुवा... धूर अजून येतोय."

"येऊ दे," जटूबुवा म्हणाले. "पाणी वाटेत आहे."