जांभळीवरचा राखणदार

वानरं झाडावरून खेकसत नसत, नीट घोळवून बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

पाणवठ्यावर उतरण्याआधी चितळं जांभळीवरच्या वानराला विचारत, कारण खालून त्यांना गवतापलीकडचं दिसत नसे. त्या उन्हाळ्यात राखणीला बसलेला वानर मोठा विद्वान होता. आपलं बोलणं कधी खोटं ठरू नये, म्हणून तो फार जपून बोले.

"वानरदादा, उतरू का पाण्यावर?" चितळीने विचारलं. तिच्यामागे तहानेलं पाडस उभं होतं.

"तसं पाहिलं तर पाणी गार आहे," वानर म्हणाला. "तहान वाईटच. पण पलीकडे गवत हललं खरं. वारा असेल, मोर असेल, आणखीही काही असू शकेल. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं बरंच आहे."

"अरे दादा, उतरू की नको?"

"तेच सांगतोय. आता सगळ्याचा विचार करता..."

पाडसाला धीर निघेना. ते पाण्याकडे धावलं, आणि गवतातून वाघ आला.

बऱ्याच वेळाने चितळी जांभळीखाली परत आली. "तुला वाघ दिसला होता?"

"पट्टे दिसल्यासारखे वाटले होते," वानर खाली मान घालून म्हणाला. "मी सांगणारच होतो. शेवटी."

चितळी एकटीच माघारी वळली.

तेव्हापासून गवत हललं की वानर आधी 'खॅक' करून ओरडतो. का ओरडलो, ते मागाहून सांगतो. कधी त्याचं चुकतं, गवतात नुसता वारा असतो. चितळं तहानेलीच मागे फिरतात, पण त्याला बोल लावत नाहीत. पाडसं सोबत असतात.