घंटेवाली आणि चांदीची काठी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात एक अवघड घाट होता. तिथे दाट धुकं उतरलं की वाट कुठे आणि कडा कुठे, काही कळत नसे. म्हणून राजाने माथ्यावर मोठी घंटा टांगली होती आणि ती वाजवायला सगुणा नावाच्या बाईला नेमलं होतं. आवाजाच्या रोखाने चालत वाटसरू सुखरूप पलीकडे उतरत.

बावीस वर्षं सगुणाने घंटा वाजवली. धुक्यात ती कुणाला दिसत नसे. धुकं निवळलं की रिकाम्या वाटेकडे ती बघत बसे. कुणीतरी एकदा मागे वळून आपल्याला बघावं, एवढीच तिची आस होती.

एके वर्षी दवंडी पिटली गेली. रयतेची उत्तम सेवा करणाऱ्याला राजा चांदीची काठी देणार होता. मात्र त्याने राजधानीत येऊन आपलं काम पंचांपुढे मांडायचं होतं.

राज्यात असे तीनशे सेवक होते. कुणी नावाडी, कुणी सुईण, कुणी पाणपोईवाला. बहुतेकांनी दवंडी ऐकली आणि ते पुन्हा कामाला लागले. सगुणाला मात्र राहवेना.

"धुक्याचे दिवस सरलेत," ती स्वतःशी म्हणाली. "आठ दिवसांत परत येईन."

राजधानीत पंच म्हणाले, "साक्षी लिहून आणा." आणल्या, तर म्हणाले, "पुन्हा लिहा." आठाचे चाळीस दिवस झाले. अखेर भरदरबारात राजाने तिच्या हाती काठी दिली. सगळे तिच्याकडे बघत होते. सगुणाचे डोळे भरून आले.

ती घाटावर परतली, तर तिच्या झोपडीच्या ओट्यावर एक बैलवाला पडलेला. पायाला फळ्या बांधलेल्या.

"अवेळी धुकं आलं, बाई," तो कण्हत म्हणाला. "घंटेची वाट बघत वाटेतच थांबलो. दुपार टळली तरी वाजेना. मग तसाच निघालो आणि कड्यावरून खाली कोसळलो."

"ती मीच वाजवते रे," सगुणा कसंबसं बोलली.

तिने काठी राजाकडे परत धाडली. सोबत निरोप दिला, "महाराज, माझी जागा रिकामी टाकून मी ही आणली होती."

राजाने प्रधानाला विचारलं, "तीनशेंपैकी सातच जण का आले होते?"

"बाकीच्यांना हातचं काम टाकून येता आलं नाही, महाराज."

राजाने तिथल्या तिथे पंचांना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षापासून पंचच सेवकांचं काम बघायला नदीकाठी, रानावनात पायी हिंडू लागले.

बैलवाल्याचा पाय काही सरळ झाला नाही. तो घाटावरच राहिला. सगुणा त्याला रांधून घाली. दरबारात आपल्याकडे बघणारे ते डोळे तिला अजून आठवत. आठवले की ती घंटेचा दोर अधिक जोराने ओढी.

ज्या मानासाठी काम सोडावं लागतं, तो मान काही कामाचा नाही.