अव्वाच्या घरचा पाहुणा

“…पण पोटचा पोरगा समोर उभा असताना आई त्याला ओळखत कशी नाही, अप्पाजी?”

मल्लिनाथ उंबरजे वकील मठात शिरले तेच हा सवाल घेऊन.

विसरण्याच्या आजारानं अव्वाला, म्हणजे त्यांच्या आईला, स्वतःचं घरच परकं झालं होतं. परक्याच्या घरी जेवायचं नाही, हा तिचा जुना बाणा तेवढा शाबूत होता. कालपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

वकिलांनी लग्नाचे फोटो दाखवले. शेजाऱ्यांची साक्ष काढली. वकीलच ते, आईचीही उलटतपासणी घेतली! अव्वा घाबरून कोपऱ्यात जाऊन बसली.

अप्पाजींनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

“कोण आपण?”

“अप्पाजी, मी मल्लिनाथ. तुमचा शिष्य.”

अप्पाजी मागं सरकले. वकिलांनी आवाज चढवला. अप्पाजी थेट भिंतीला टेकले, हात जोडून, डोळ्यांत भीती…

वकील मटकन खाली बसले. रागही आला होता आणि लाजही वाटत होती.

“लांबून आलोय,” ते हळूच म्हणाले.

“मग दमला असाल.” अप्पाजी लगेच पुढं आले. भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांच्यापुढं सरकवली. “जेवा.”

वकील जेवले नाहीत. चपला हातात घेऊनच घराकडं धावत सुटले.

दिवस मावळायच्या आत परत आले ते धापा टाकत. चेहरा नुसता फुलला होता.

घराच्या दारात उभं राहून त्यांनी पाणी मागितलं होतं. दारी पाहुणा आला म्हटल्यावर घर तिचंच झालं, अव्वा लगबगीनं उठली. पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं? सुनेच्या हातून टोपली घेऊन तिनं भाकरी वाढली. पाहुणे हटून बसले, तुम्ही नाही बसलात तर मीही जेवणार नाही. मग काय करते बिचारी! पाहुणा दारातून उपाशी जाईल या धास्तीनं बसली आणि जेवली.

“अख्खी भाकरी, अप्पाजी! वर म्हणाली, माझा मल्लीपण असाच चुरून खातो.”

“मग सांगितलंस, तो मीच म्हणून?”

“जिभेवर आलं होतं…”

“आणि?”

“आणखी भाकरी मागितली.”

वकिलांचे डोळे भरून आले. पण जुनी खोड कुठली जायला?

“मीच तिचा मल्ली, हे तिला कळणार कधी?”

अप्पाजींनी त्यांना खांद्याला धरून दाराकडं वळवलं.

“आधी रात्रीचं जेवून ये.”