झिपरीच्या डोक्यावरची खुडूक कोंबडी

हं, आता चुळबुळ बंद. केशर, पांघरूण एकटीनं ओढू नकोस गं, विश्रामलाही दे थोडं. ऐका.

एक होती राक्षसीण. चांगली ताडमाड! ती चालली की वाटेवरचे धोंडे टुणटुण उडायचे. केसांतून जन्मात फणी फिरली नव्हती, म्हणून तिचं नाव झिपरी. डोंगरावर एकटीच राहायची. ती दिसली की माणसं पळायची, हरणं पळायची, वाघसुद्धा शेपूट घालून पळायचा. खायची आपली नाचणीची भाकरी, बरं का. माणसंबिणसं काही नाही! पण ते विचारायला थांबतंय कोण? भाकरी थापताना तिला रोज वाटायचं, यातली अर्धी खायला कुणीतरी शेजारी असावं.

तर एकदा काय झालं, घाटातून बाजाराची बैलगाडी चालली होती. चाक खड्ड्यात गेलं, कोंबड्यांचं डालगं उपडं झालं आणि सगळ्या कोंबड्या फडफडत रानात पसरल्या. गाडीवाला त्यांना धरायला उतरला, तर मातीत झिपरीचं हे एवढं पाऊल! कसल्या कोंबड्या नि कसलं काय, त्यानं बैल हाकले ते थेट गावात.

कोंबड्या बघून झिपरीला काय आनंद झाला म्हणून सांगू! "तीऽ ती ती ती!" तिनं हाक मारली. पण ती पडली राक्षसिणीची हाक. आंब्याची पानं गळाली आणि कोंबड्या शेंड्यावर जाऊन बसल्या.

मग तिनं दाणे टाकले. मूठभर टाकावेत की नाही? या बाईनं अख्खं पोतं ओतलं. त्यात कोंबडा गाडला गेला बिचारा. खोकत खोकत बाहेर आला आणि करवंदीच्या जाळीत घुसला.

मग तिनं दबकत जाऊन एका कोंबडीवर झडप घातली. कोंबडी निसटली. झिपरीच्या हातात राहिलं एक पीस.

ते पीस बघून तिला रडूच फुटलं. "मी काय गं वाईट केलं तुमचं?" म्हणाली. हसू नकोस रे विश्राम, एवढ्या मोठ्या बाईलाही रडू येतं.

रडून झाल्यावर भूक लागली. मग ती चुलीपाशी बसली, कोंबड्यांकडे पाठ करून. भाकरीचा तुकडा कुस्करला आणि न बघताच मागे टाकला. थोड्या वेळानं मागून आवाज आला, टुक टुक. मान वळवावीशी इतकी वाटली तिला! पण नाही वळवली.

मग तिला हळूहळू उमगत गेलं. कोंबड्यांच्या आसपास ती गुडघ्यांवर चालायला लागली. बोलली तर कुजबुजत. खापरात पाणी भरून ठेवायची, मुंगूस आलं तर हाकलायची, आणि धरायला म्हणून हात पुढे करायचीच नाही. मग कोंबड्या तिच्या सावलीत येऊन मातीत लोळायला लागल्या. पण जवळ? अंहं. जवळ एकही जाईना.

एका दुपारी झिपरी खांबाला टेकून पेंगत होती. तेवढ्यात चंद्री नावाची ठिपक्यांची कोंबडी तिच्या खांद्यावर चढली, तिथून डोक्यावर. त्या जटा पायांनी उकरल्या, गोल फिरली आणि घातलं की अंडं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं करता करता चंद्री झाली खुडूक. अंड्यांवर बसली ती बसलीच.

आता आली का पंचाईत! झिपरीनं मान हलवली तर अंडी फुटणार, आणि चंद्री पुन्हा म्हणून फिरकायची नाही. मग झिपरी बसून राहिली.

आधी डोकं खाजलं. असं खाजलं, असं खाजलं की डोळ्यांतून पाणी आलं. तिनं दात आवळले, पण हात वर नेला नाही.

मग पाऊस आला. झिपरीनं दोन्ही तळहात छत्रीसारखे डोक्यावर धरले. स्वतः निथळत होती, चंद्री मात्र कोरडी.

मग आला तिचा भाऊ, गडगड्या. "अगं अक्के, ऊठ! मामाकडे लग्न आहे, नाचायला चल. आणि ही डोक्यावरची कोंबडी भाजून घेऊ वाटेत."

झिपरीला नाचायची भारी हौस, बरं का. पण ती जागची हलली नाही. "हात लावून बघ," ती कुजबुजली, "तुझ्या मिशाच उपटते." अक्का कुजबुजताना त्यानं कधी ऐकलीच नव्हती. घाबरला मेला! लग्नाला एकटाच गेला.

आणि मग एका सकाळी डोक्यावर टकटक झालं. चिव चिव! पिल्लं बाहेर आली, कपाळावरून घसरली, नाकावर थांबली आणि टपाटप मांडीत पडली. झिपरीनं श्वास रोखून धरला होता.

पिल्लं अंगणात तुरुतुरु पळायला लागली. आणि एके दिवशी आभाळात आली घार. तिची सावली अंगणावरून फिरली. चंद्री ओरडली, कोंबडा ओरडला, सगळ्यांची पळापळ झाली. झिपरीला वाटलं, गेल्या आता रानात.

पण कोंबड्या रानात गेल्या नाहीत. आंब्यावर चढल्या नाहीत. सगळ्याच्या सगळ्या, पिल्लं, कोंबडा, चंद्री, पळत आल्या आणि झिपरीच्या पदराखाली शिरल्या. घार घिरट्या घालून निघून गेली.

झिपरी तशीच बसली. पदराखाली नुसती ऊब आणि धडधड. आजवर सगळे तिला बघून पळाले होते. तिच्याकडे पळत कुणी आलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की घार गेल्यावरही तिनं पदर हलू दिला नाही.

मग ती भाकरी थापायची, अर्धी आपण खायची नि अर्धी कुस्करून द्यायची, आणि सगळी मजेत राहिली. झालं त्यांचं खुराडं बंद, आता तुमचे डोळे बंद. ये गं केशर, ये अशी जवळ.