शब्बाथच्या दाराबाहेर

कोकणकिनाऱ्यावरच्या एका गावात एकदा एक तेलाचा व्यापारी राहत असे, आणि त्याच्या धर्मनिष्ठेने त्याचे घर मेटाकुटीला आले होते. नाव हनोकशेठ. बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठीच बोलणाऱ्या यहुद्यांपैकी एक. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. दिवा लागतो, काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणून ते घोटघोट वाटतात, भाकरीचा तुकडा मिठाला लावून खातात. ऐकायला किती गोड वाटते. हनोकशेठच्या घरी मात्र शुक्रवार उजाडला की पोरे बापाची नजर चुकवत फिरत.

कारण शेठ सकाळपासून सुरू होई. सरबतात गाळ राहिला. भाकरीवरचे पांढरे फडके तिरके पडले. धाकटा एलिझर आत येताना चौकटीवरच्या मेझुझाला, त्या पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून ओठांशी नेत नाही. थोरली लेआ प्रार्थना नुसती पुटपुटते. जेवतानाही तेच, घास तोंडात आणि उपदेश कानात. त्याने काढलेली एकही चूक खोटी नसे, हीच तर पंचाईत होती. सदैव बरोबर असणाऱ्या माणसाला समजावणे आजवर कोणाला जमले आहे?

अखेर व्हायचे तेच झाले. लेआ नर्सिंग शिकायला मुंबईला आत्याकडे निघाली होती. तिने आईला सरळ सांगितले, "तिकडे गेल्यावर मी शब्बाथ पाळणार नाही. इतकी वर्षं पाळला, पुरे झाला." हे ऐकून शेठच्या पायाखालची वाळू सरकली. ज्यासाठी आयुष्यभर घसा कोरडा केला, ते लेकीच्या पिढीशी संपणार होते.

तो तडक गावातल्या वृद्ध हझानांकडे गेला. हझान म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे. शेठ लहानपणी त्यांच्याचपुढे मांडी घालून हिब्रू अक्षरे शिकला होता.

"काका, तुम्ही घरी या आणि पोरीला समज द्या. मी सांगून सांगून थकलो. पालथ्या घड्यावर पाणी."

"काय काय सांगितलंस?" हझानांनी विचारले.

शेठने गाळापासून फडक्यापर्यंत सगळे ऐकवले. दर आठवड्याचेच ते गाऱ्हाणे ऐकता ऐकता म्हाताऱ्याला जांभई आली आणि त्यांनी ती लपवलीही नाही. "येतो शुक्रवारी," ते म्हणाले.

शुक्रवारी सायंप्रार्थना आटोपून दोघे घराकडे निघाले. वाटभर शेठचे गाऱ्हाणे चालूच होते. पडवीत पाऊल टाकून त्याने मेझुझाकडे हात नेला, तोच हझानांनी तो मनगटापाशी धरला.

"थांब. आत जायचं नाही."

"अहो, दिवा लागून गेलाय, सगळी खोळंबली असतील."

"खोळंबू देत. तू ऐक."

शेठ चरफडत उभा राहिला. धर्माच्या घरात धर्मगुरूने अडवावे, हा कुठला न्याय? आतून पोरांचे गाणे ऐकू येत होते. गाणे शब्बाथचेच होते, शब्दही बिनचूक; चाल मात्र होडी वल्हवणाऱ्यांची लावली होती. एलिझर ताटावर ठेका धरत होता. मध्येच तो घोगरा आवाज काढून म्हणाला, "फडकं सरळ कर गं, फडकं!" त्यावर लेआ हसली आणि तिच्यामागून त्यांची आईही हसली. बायको इतकी मोकळी हसते हे शेठ विसरूनच गेला होता.

"ऐकलंत?" तो दातओठ खात म्हणाला. "पवित्र गाण्याची ही चेष्टा!"

"ऐकलं. आता जरा खोक."

"काय?"

"रोज दारात येऊन खोकतोस तसा खोक."

शेठ खोकला. आतले गाणे शब्दाच्या मध्यावर तुटले. ताटे सारल्याचा आवाज झाला, आई हलकेच म्हणाली, "आले रे," आणि घर चिडीचूप झाले.

 मग हझान बोलले, आणि त्यांच्या आवाजात वैताग होता.

"दर आठवड्याला माझं डोकं खातोस, पोरं काही शिकत नाहीत म्हणून. अरे, शिकली की. सगळं गाणं पाठ आहे त्यांना. आणि बापाचा खोकला आला की आनंद आवरून ठेवायचा, हेही ती तुझ्याकडूनच शिकली. अक्षरं माझ्याकडे पाठव, मी शिकवीन. पण आपल्या देवाच्या दिवशी माणूस खूश कसा होतो, हे मी कुठून शिकवू? ते बापाच्या तोंडावर दिसावं लागतं."

"मग काय नियम सोडून देऊ?" शेठचा आवाज चिरकला. "सगळं वाऱ्यावर सोडू?"

"एकही सोडू नकोस. घर झाडावंच लागतं. पण शब्बाथसारखा पाहुणा दारात उभा आणि तू आपला अजून झाडतोच आहेस. चल आता, मला भूक लागली आहे."

दोघे आत गेले. फडके तिरकेच होते. शेठचा हात त्याच्याकडे गेला आणि मोठ्या कष्टाने मागे आला. त्याने सरबतावर आशीर्वाद म्हटला, भाकरी मोडली, आणि तो गप्प बसला. ती शांतता पोरांना उपदेशाहून भयंकर वाटली.

"बाबा, बरं नाही का?" लेआने विचारले.

"बरा आहे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तशीही आठवड्यात ती जाणारच होती; भिऊन उपयोग काय? "एक विचारू? तुम्हाला स्वतःला आवडतो का हो शब्बाथ?"

शेठने आशेने हझानांकडे पाहिले. हझान कालवणातल्या माशाचे काटे काढण्यात गुंग होते.

"लहानपणी फार आवडायचा," शेठ अडखळत म्हणाला. "आमचा घाणा होता तेव्हा. शुक्रवारी दिवस कलला की आजोबा बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढायचे. आठवडाभर गोल गोल फिरलेला बैल तो. आधी नुसता उभाच राहायचा, त्याला खरंच वाटायचं नाही. मग शेपटी वर करून जो उधळायचा अंगणभर! आम्ही पोरं मागे, आणि आजोबा पुढे."

"आजोबा धावायचे?" एलिझर पुढे सरकला.

"धावायचे काय, नाचायचे. म्हणायचे, बघा रे, याला शब्बाथ कळला. त्यांच्या अंगाला तेलाचा वास यायचा. मला खांद्यावर घेऊनच मग दिव्यापाशी न्यायचे." बोलता बोलता शेठच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याला हसूही फुटले. दोन्ही पोरांनी हे पूर्वी कधी पाहिले नव्हते.

कालवण गार होत होते, पण हझानांखेरीज कोणी जेवत नव्हते.

"हे आम्हाला कधी का नाही सांगितलंत?" लेआने विचारले.

शेठने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"नाही ठाऊक," ती म्हणाली, आणि पाट ओढून त्याच्याजवळ बसली. "सांगा."