कुडापलीकडची शेंग

एका गावात एक तरुण आई राहायची, आणि तिला सगळ्यांचाच संशय यायचा. दूधवाल्याच्या दुधाचा, बाळाला मांडीवर घेणाऱ्या बायकांच्या नजरेचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आपल्याला आईपण जमतंय का, हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारायची आणि रोज नापास व्हायची.

एकदा माहेराहून तिच्या आईने चौधारी घेवड्याचं बी धाडलं. निरोप होता, "यंदा पुराने माझी परसबाग नेली. एवढंच बी वाचलंय. तू लाव, आणि निम्मं मला परत दे. हे गेलं तर आपल्या घरातलं बी संपलं."

झालं! तिची झोप उडाली.

तिने परसात शेजारच्या हद्दीवरच्या कुडाजवळ बी लावलं. वेल मांडवावर चढला, निळी फुलं आली, मग झालरी लावल्यासारख्या चार धारांच्या शेंगा लोंबू लागल्या. भाजीपुरत्या तोडून बाकीच्या तिने बियाण्यासाठी राखल्या.

तेवढ्यात तिला दिसलं, की शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी कुडापाशी घुटमळते. झावळ्यांच्या कुडाला एक भोक होतं. तरुण आईने त्याला डोळा लावला. म्हातारीच्या हातात कात्री!

दुसऱ्या दिवशी तिने हटकलंच. "मावशी, संध्याकाळी कुडापाशी काय करता हो?"

"तुझा वेल बघते गं. काय गोड शेंगा धरल्यात!"

'गोड? चाखल्याशिवाय कसं कळलं?' ती मनात म्हणाली.

नवरा हसला. "अगं, शेंगा कोण चोरतंय?"

"तुम्ही बोलूच नका. कुत्र्याने पायातली चप्पल नेली, तरी तुम्हाला कळलं नव्हतं."

आईने बजावलं होतं, शेंग वेलावरच वाळू दे, हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे. पण वाजेपर्यंत राहिली तर ना! तिने एका सकाळी साऱ्या शेंगा हिरव्याच उतरवल्या, डब्यात कोंबल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा तांदळाच्या कणगीमागे लपवला. त्या रात्री ती निवांत झोपली.

पेरणीचे दिवस आले. माहेरी जायला निघताना तिने डबा उघडला. आत काळी बुरशी आणि कुबट वास. एकही बी धड नव्हतं. ती तिथेच फतकल मारून बसली आणि बाळाच्या बरोबरीने रडू लागली.

रडणं ऐकून म्हातारी कुडाला वळसा घालून आली. डब्यात डोकावली. घरी गेली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी घेऊन परतली. गाठ सुटली, तसं तपकिरी, टणक, चकचकीत बी तरुण आईच्या ओंजळीत पडलं.

"तुझ्याच वेलाचं गं. एक फांदी माझ्याकडे उतरली होती. माझी नातवंडं म्हणजे नुसती वानरं! म्हणून मी रोज चिंध्या कापून एकेका शेंगेला बांधत होते. चिंधी दिसली की ती बियाण्याची शेंग, आमच्यात कुणी हात लावत नाही. वेलावरच वाळवलं हो, खुळखुळेपर्यंत."

तरुण आईचे कान तापले. "मावशी, मी तुम्हाला चोर समजले."

"ठाऊक आहे मला. भोकातून तुझा डोळा दिसायचा की!"

मग दोघी इतक्या हसल्या, की बाळ रडायचं थांबून बघत राहिलं.

निम्मं बी माहेरी पोचलं. थोडं तिने म्हातारीच्या पदरात घातलं. उरलेलं पुन्हा कुडालगत लावलं, आणि यंदा वेलाची एक फांदी तिने स्वतःच्या हाताने पलीकडे सोडली.

कुडाचं भोक मात्र बुजवलं नाही. एकदम कोण सुधारतं?

तात्पर्य: बियाण्याची राखण जरूर करावी, पण संशयापोटी बी हिरवंच खुडलं तर चोर यायच्या आधी आपणच ते घालवतो.