मालकाची हाक

"तिनं माझी हाक ऐकली का न्हाई, एवढंच सांगा बाबा!"

उदाजी वाघमोडे मठाच्या पायरीशी उभा होता. पायांत जोडे तसेच, फेट्यावर मैदानातली धूळ, आणि आवाज असा की पिंपळावरची पाखरं उडावीत.

भावगीर बाबा ओसरीवर बसून वाखाची दोरी वळत होते. गोसावी माणूस. डोळ्यांना आता दिसत नव्हतं. पण तरुणपणी त्यांनी घोड्यावर बसून मुलूख पालथा घातलेला. त्यामुळे नीरेकाठचा घोडेबाजार भरला की भलेभले घोडेवाले अडल्यानडल्याला याच ओसरीवर यायचे.

"ऐकली," बाबा म्हणाले.

"बगा! मग घोडी कुणाची?"

"तुझी."

"झालं तर मग. उद्याच्या फेरीला मीच बसणार. रहमतला उतरवतो."

बाबांनी दोरीला एक पीळ दिला...

"आधी जोडे काढ," ते म्हणाले, "आन बस."

घोडीचं नाव केतकी. उदाजीचा जीव की प्राण. जन्मताच तिची आई गेली, तेव्हा यानं शेळीचं दूध बाटलीनं पाजून तिला जगवलं. थंडीत आपली घोंगडी तिच्या अंगावर टाकायची आणि आपण कुडकुडत बसायचं, असं ते प्रेम. बायको म्हणायची, घरात सवत आणली असती तरी मला एवढं झोंबलं नसतं. 'केतकीऽऽ' अशी नुसती हाक मारली की घोडी रानाच्या दुसऱ्या टोकावरून धावत यायची आणि त्याच्या खांद्यावर नाक टेकवायची.

घोडी होतीही तशीच जातिवंत. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पायांत रेवाळ चाल जन्मापासूनची. रेवाळ म्हणजे दुडकी नव्हे आणि चौखूर दौडही नव्हे. पाय डोळ्याला दिसू नयेत इतके झरझर पडतात आणि पाठ मात्र जागची हलत नाही. स्वारानं तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन बसावं, थेंब सांडता कामा नये. बाजारातल्या शर्यतीत पंच घोड्याच्या आधी त्या पेल्याकडेच बघतात.

पण उदाजी पाठीवर बसला की ती चाल कुठंतरी हरवून जायची. गेल्या साली भर मैदानात पेला त्याच्याच मांडीवर उपडा झाला. लोक पोट धरून हसले. "मालकाची लाडकी, कामाची दोडकी!" असं कुणीतरी ओरडलं, ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याला स्वतःची हार सोसली असती. घोडीला कुणी दोडकी म्हणावं, हे सोसेना.

तेव्हा बाबांनीच सांगितलं होतं, "रहमतकडं दे."

रहमत मुलाणी हा चाबूकस्वार. दुसऱ्यांची घोडी शिकवायची आणि मैदानात उतरवायची, हा त्याच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. नावात चाबूक असला तरी त्याच्या हातात तो कुणी कधी पाहिला नव्हता. माणूस अबोल. त्याची अट एकच होती. शिकवणी चालू आहे तोवर मालकानं घोड्यावर बसायचं नाही आणि घोड्याला नावानं हाक मारायची नाही.

उदाजीनं शब्द दिला आणि पावसाळाभर ओठ शिवून घेतले. रोज रहमतच्या कुंपणापाशी यायचा, लांबून बघायचा आणि निघून जायचा. घोडी मान वर करून बघायची, तेव्हा हा मान खाली घालायचा.

आणि आज, पहिल्या फेरीत, ऐन मैदानात त्याच्या तोंडून हाक सुटली.

केतकी आली तेव्हा गर्दी बोलायची थांबली होती. रहमतच्या तळहातावरचं पाणी आरशासारखं स्थिर. मैदानाला लावलेल्या दोराच्या टोकाला उभ्या उदाजीची छाती भरून आली, डोळे भरून आले, आणि तो ओरडला, "केतकीऽऽ!"

घोडीनं कान टवकारले. मान वळली. चाल एकदाच मोडली, पण मोडली, आणि पाणी रहमतच्या बाहीवर आलं.

रहमत खाली उतरला. बाही पिळत पंचांना म्हणाला, "हात माझा हलला. घोडीचा दोष न्हाई."

आधीची चाल इतकी देखणी होती की पंचांनी तिला शेवटच्या फेरीत घेतलं, सगळ्यांत शेवटी. बजावून सांगितलं, उद्या चाल मोडली तर बाद.

उदाजीला यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. एवढ्या गलक्यात घोडीनं आपल्याला ओळखलं, एवढंच घेऊन तो तडक मठावर आला होता.

"बाबा," तो आता जोडे काढून बसला होता आणि आवाजही उतरला होता, "पावसाळाभर मांड दुसऱ्याची, चारा दुसऱ्याच्या हातचा. म्या निस्तं लांबनं बघायचं. मला वाटलं, इसरली मला. आन आज हाक मारली तर... शर्यत सोडून वळली वो."

बाबांनी कान नदीकडे लावला.

"रहमत आला," ते म्हणाले.

रस्त्यावर अजून कुणीच दिसत नव्हतं. थोड्या वेळानं बाभळीच्या वळणावर केतकी दिसली, पाठीवर रहमत. रोज संध्याकाळी तो तिला मठाखालच्या घाटावर पाणी पाजायला आणायचा.

"रहमत, उतर. मालकाला बसू दे."

रहमत उतरला. का, कशाला, काही नाही. लगाम उदाजीच्या हातात दिला आणि रिकीब धरून उभा राहिला. केतकीनं आनंदानं फुरफुर केली आणि उदाजीच्या खांद्याला नाक घासलं. उदाजीनं रहमतकडे असं बघितलं की जणू शर्यत आत्ताच जिंकली.

बाबांनी ओसरीवरचं फुलपात्र काठोकाठ भरून पुढे केलं. "बाभळीपत्तोर जा आन ये."

उदाजी गेला. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

परत आला तेव्हा फुलपात्रात पाणी निम्मंही नव्हतं.

"वाटंत खळगा हुता," उदाजी म्हणाला.

"खळगा न्हवता. उतारावर तू डावीकडं कललास, ती डावीकडं सरली. तू पेल्याकडं बघून दचकलास, तिचं पाऊल दचकलं."

उदाजी खाली उतरला.

"रहमत, आता तू."

फुलपात्र पुन्हा भरलं. केतकी निघाली. टापांचा एकसारखा नाद सुरू झाला आणि बाबांची बोटं नकळत दोरीवर त्या तालात चालायला लागली.

उदाजी खाली उभा राहून बघत होता. कुंपणाबाहेरून बघायचा तेव्हा डोळ्यांत मत्सर असायचा, आणि मैदानात पाणी आलेलं. आज प्रथमच त्याच्या आणि केतकीच्या मध्ये काही नव्हतं. पांढरे पाय धुळीला लागतात की नाही, कळेना. आयाळ तेवढी उडत होती. कान सैल सोडलेले, नजर कुणावरच नाही. आपल्याच चालीत रमलेली ती घोडी बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"ही... माझी?" तो पुटपुटला.

रहमत आला. फुलपात्र खाली ठेवलं. पाणी काठाला लागलेलं तसंच होतं.

"बाबा," उदाजीनं विचारलं, "माझ्याखाली ती अशी का चालत न्हाई?"

"तुझ्याखाली ती तुला सांभाळती."

"आन त्याच्याखाली?"

"चालती."

उदाजी पायरीवर बसला. त्याला वाईट वाटलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"मग म्या काय केलं? निस्तं दूध पाजलं?"

"मला काय इचारतोस? त्याला इचार."

रहमत घोडीची मान पुसत होता. हात न थांबवता म्हणाला, "मालक, माझ्याकडं लोकांची घोडी येत्यात. म्या नुसता हात वर केला की मान मागं घेत्यात. कुणीतरी हाणलेलं असतं. ती भीती काढण्यातच माझा निम्मा वकूत जातो... हिच्या कपाळाकडं म्या पयल्यांदा हात नेला, तर हिनं कपाळच म्होरं केलं."

एवढं तो वर्षभरात कधी बोलला नसेल. त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

"असं जनावर मला पुन्यांदा मिळायचं न्हाई," एवढं म्हणून त्यानं पाठ फिरवली.

उदाजीनं डोळे पुसले. उठला, लगाम रहमतच्या हातात दिला.

"उद्या तूच बस, रहमतभाई."

"बसतो. पर हाक?"

उदाजीनं फेट्याचा लोंबणारा शेमला खांद्यावर टाकला. बाबा दोरी वळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मैदान खचाखच भरलं. उदाजीनं घरीच थांबावं, असं बायकोनं सुचवून बघितलं. पण लेकीच्या लग्नात बापाला घरी बसा म्हटलं तर तो बसेल काय? तो कालच्याच जागी येऊन उभा राहिला, दोराच्या टोकाला.

केतकीची पाळी शेवटची. रहमतनं पेला तळहातावर घेतला आणि घोडी सुटली.

काय चालली म्हणून सांगावं! कालची चाल देखणी होती, आजची त्याहून सवाई. म्हातारे घोडेवाले पागोटी काढून उभे राहिले. गेल्या साली हसलेल्यांनी तोंडात बोटं घातली. घोडी शेवटच्या वळणावर आली, उदाजीच्या दिशेनं.

आणि त्याच्या पोटातून ती हाक उठली. छातीत आली. गळ्यापर्यंत आली...

उदाजीनं फेट्याचा शेमला ओढला, तोंडात कोंबला आणि दात आवळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेजारचे शर्यत सोडून त्याच्याकडेच बघायला लागले.

केतकी त्याच्या समोरून गेली. तिचा एक कान त्याच्याकडे वळला. पाऊल हललं नाही.

पंचांनी पेला बघितला आणि हात वर केला. मैदानात एकच गलका उठला.

इथली रीत अशी की, जिंकलेल्या स्वारानं न सांडलेला पेला मालकाच्या हाती द्यायचा आणि मालकानं त्या पाण्यानं घोड्याचे पाय धुवायचे. रहमत उतरला, पेला पुढे केला. एवढ्या लांबून थेंब न सांडता आलेलं पाणी. आमच्या उदाजीनं पेला असा घाईनं घेतला की त्यातलं निम्मं त्याच्याच धोतरावर सांडलं. लोक हसले. रहमतही हसला, आणि मग उदाजीही. उरलेलं पाणी त्यानं गुडघे टेकून केतकीच्या पांढऱ्या पायांवर घातलं.

"मारा की आता हाक, मालक," रहमत हळूच म्हणाला.

उदाजीनं नकारार्थी मान हलवली. उठून केतकीच्या मानेला कपाळ टेकवलं.

दिवस कलला तेव्हा तो मठावर आला. जोडे पायरीखाली काढून ठेवले. केतकी लगामाशिवायच त्याच्या मागोमाग आली होती.

"बाबा, जिंकली."

"ऐकलं."

"रहमतनं सोनं केलं तिचं."

"हां."

उदाजी लहान पोरानं सांगावं तसं म्हणाला, "बाबा, आज म्या हाक मारली न्हाई."

बाबांनी हात पुढे केला. आधी घोडीचं कपाळ चाचपलं. मग उदाजीचा खांदा. मग खांद्यावरून लोंबणारा फेट्याचा शेमला हाती लागला. टोक अजून ओलं होतं. दातांच्या खुणा होत्या, एके जागी कापड पार फाटलं होतं.

ते टोक बाबांनी बोटांत धरलं.

"लई लांबवर गेली रं आज तुझी हाक."